भालेवाले मागून शेजारी आले: डीबीए २.२ सोडून ३.० ला जाताना

डीबीए, म्हणजे डे बेलिस अँटिक्विटाटिस, ज्यांनी खेळलंय त्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी थोडक्यात. टेबलावर प्राचीन काळातल्या दोन सेना, प्रत्येक सेनेत बरोबर १२ एलिमेंट, आणि एलिमेंट म्हणजे ठरलेल्या रुंदीच्या एका बेसवर चिकटवलेले दोन-तीन-चार छोटे शिपाई किंवा घोडेस्वार किंवा एखादा हत्ती. दर पाळीला एक डाइस टाकायचा, जो आकडा येईल तेवढ्या चाली. भिडलं की प्रत्येकाने आपापला फॅक्टर, म्हणजे त्या प्रकारच्या शिपायांचा ठरलेला ताकदीचा आकडा, अधिक डाइस करायचं, ज्याचं कमी येईल तो सहसा मागे सरकतो, आणि समोरच्याच्या निम्मं किंवा त्याहून कमी आलं तर सहसा मेला. चार एलिमेंट गमावले, आणि तेही समोरच्यापेक्षा जास्त, की खेळ संपला. तासाभरात लढाई उरकते, हीच याची मजा.

हा गेम पहिल्यांदा १९९० मध्ये आला, २.२ आवृत्ती २००४ ची आणि ३.० आली २०१४ मध्ये. म्हणजे आता नवीन म्हणायला लाज वाटावी इतकी ती जुनी झालीय, पण मी आणि माझा नेहमीचा पार्टनर २.२ ला असे चिकटून बसलो होतो की विचारू नका. नियम पाठ, सेना रंगवून तयार, मोजपट्ट्या तयार, कशाला उगाच हात लावा. शेवटी तोच म्हणाला, "अरे बाकी सगळे ३.० खेळतात, आपण दोघंच कुठल्या युगात राहतोय?" प्राचीन काळाचा गेम खेळणाऱ्याने हे म्हणावं म्हणजे कमालच, पण मुद्दा बरोबर होता, बाहेरच्या कोणाशी खेळायची वेळ आली की आम्ही बाद.

तर पुस्तक आणलं. पहिली गोष्ट जाणवली ती म्हणजे जाडी. २.२ मध्ये सैन्यांच्या याद्या म्हणजे एका ओळीत एक सेना, अमुक इतके घोडेस्वार, तमुक इतके भालेवाले, बस. इथे प्रत्येक सेनेबरोबर माहिती आहे, त्यांचे शत्रू कोण, मित्र कोण, कुठला काळ, अमुक शिपायांना या प्रकारात का धरलंय. नुसत्या याद्या वाचत बसलो तरी वेळ जातो. आकृत्याही भरपूर आहेत आणि त्यांची गरजही आहे, कारण नियमांची भाषा अशी आहे की एक वाक्य घ्यायचं, त्यातला प्रत्येक शब्द वेगळा काढायचा, मग परत जोडायचं. "आणि", "किंवा", "पण" यांच्यावर अख्खी लढाई फिरू शकते. मी पेन्सिल घेऊन वाचलं, आणि जिथे जिथे २.२ पेक्षा वेगळं दिसलं तिथे समासात फुली मारत गेलो. फुल्या खूप झाल्या, पण त्यातल्या कुठल्या महत्त्वाच्या आणि कुठल्या किरकोळ हे वाचून काही कळलं नाही, ते टेबलावरच कळलं.

सगळ्यात आधी मोजमाप. २.२ मध्ये अंतर पावलांत असायचं, १५ मिमीच्या फिगर्ससाठी १०० पावलं म्हणजे एक इंच. भालेवाले २०० पावलं चालतात म्हणजे दोन इंच, ५० मिमी. ३.० ने पावलं काढून टाकली आणि सगळं बेसच्या रुंदीत आणलं. १५ मिमीला बेसची रुंदी ४० मिमी, भालेवाल्यांसारखं दाट पायदळ दोन बेस चालतं, म्हणजे ८० मिमी. कागदावर हा नुसता एककाचा बदल वाटतो ना? टेबलावर तो तसा नाहीये. बोर्ड माझा तोच जुना दोन फुटी, आणि त्यावर आता सगळे भराभर पुढे येतात. पूर्वी पहिल्या काही पाळ्या नुसत्या खुरडत पुढे जाण्यात जायच्या, तेवढ्यात विचार करायला वेळ मिळायचा, आता मांडणी करतानाच विचार संपलेला पाहिजे. मी एक लाकडी काडी घेऊन तिच्यावर ४०-४० मिमीवर खुणा केल्या आणि जुनी इंचाची पट्टी खोक्याच्या तळाशी टाकली, ती हातात आली की सवयीने तीच वापरली जाते म्हणून.

तिरंदाजांचं तर अजून गमतीशीर झालंय. २.२ मध्ये बाणाचा पल्ला २०० पावलं आणि भालेवाल्यांची चालही २०० पावलं. म्हणजे पल्ल्याच्या कडेवर उभं राहून एका चालीत थेट तिरंदाजांच्या अंगावर जाता यायचं. ३.० मध्ये पल्ला तीन बेस आणि चाल दोन बेस. आता त्या कडेवरून निघालो तर मध्ये एकदा तरी उघड्यावर थांबावंच लागतं, आणि दोघांच्याही पाळीत बाण चालतात, त्यामुळे तेवढ्यात ते हात धुवून घेतात. मला हे पटलं. तिरंदाजांकडे सरळ चालत जायचं तर काहीतरी किंमत मोजावी लागली पाहिजे, पूर्वी ती फारच स्वस्तात सुटायची.

आता मुख्य गोष्ट. माझी सेना ग्रीक होप्लाइटची, दुसऱ्या भागातली पाचवी यादी, बारापैकी आठ एलिमेंट भालेवाले. जड गोल ढाल, लांब भाला, एकमेकांना खेटून उभे. २.२ मध्ये भालेवाल्यांचा फॅक्टर ४, आणि मागे अजून एक भालेवाल्यांचं एलिमेंट उभं केलं की पायदळाविरुद्ध अधिक एक. म्हणजे ५ करायला दोन एलिमेंट लागायचे. मग आठ भालेवाले म्हणजे चार रुंद आणि दोन खोल, एवढीच माझी फळी, १६० मिमी. पार्टनरकडे पॉलिबियन रोमन, त्याच्याकडे तलवारवाले, ज्यांना गेममध्ये ब्लेड म्हणतात, सहा. (हे दोघं इतिहासात असे समोरासमोर आले असते का वगैरे विचारू नका, ज्या सेना रंगवून झाल्यात त्याच भिडतात.) ब्लेडचा पायदळाविरुद्ध फॅक्टर सरळ ५, मागे कोणी लागत नाही. त्याची फळी सहा रुंद, माझी चार, दोन्ही टोकांना तो माझ्या बाहेर आणि ओव्हरलॅपचा, म्हणजे कडेला शत्रू असल्याचा, वजा एक माझ्या दोन्ही टोकांवर. मी वर्षानुवर्षं ही डोकेदुखी घोडेस्वार आणि हलके शिपाई टोकांना लावून कशीतरी निभावत होतो.

३.० ने मागच्या रांगेचा तो अधिक एक काढूनच टाकला. वाचलं तेव्हा पहिला विचार आला की आता आपली सेना मेली. आणि मग पुढचं वाक्य, की भालेवाल्यांच्या शेजारी, कडेला कड लावून आणि पुढचा कोपरा कोपऱ्याला जुळवून, दुसरं भालेवाल्यांचं एलिमेंट असेल तर अधिक एक. शेजारी! म्हणजे तोच ५, पण आता एकाच रांगेत. आठच्या आठ एका ओळीत लावायचे, ३२० मिमीची फळी, बोर्डाच्या निम्म्याहून जास्त. एकही नवीन फिगर न घेता माझी सेना दुप्पट रुंद झाली आणि पहिल्यांदाच रोमनांच्या टोकांबाहेर माझे भालेवाले निघाले. समोर बसलेल्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

मला हा बदल नुसता फायद्याचा म्हणून आवडला असं नाही. होप्लाइटची ढाल डाव्या हातावर, ती त्याची स्वतःची डावी बाजू झाकते आणि त्याच्या डावीकडच्या माणसाची उजवी बाजू. म्हणजे प्रत्येकाची उघडी बाजू शेजाऱ्याच्या भरवशावर. ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीसने इसवी सनपूर्व ४१८ च्या मँटिनियाच्या लढाईबद्दल लिहिताना हेच सांगितलंय, की अशी सैन्यं पुढे जाताना उजवीकडे सरकत जातात, कारण जो तो आपली उघडी बाजू उजवीकडच्याच्या ढालीमागे लपवायला बघतो. मग त्यांची ताकद शेजारच्याकडून येते हे गेममध्ये दाखवणं जास्त बरोबर नाही का? २.२ मध्ये मी होप्लाइट हलवत होतो पण खेळत होतो जवळजवळ पाइकसारखा, म्हणजे मॅसिडोनियन लांब भाल्यांसारखा, ज्यांचं खरंच मागच्या रांगांवर चालायचं. इतिहासकार पॉलिबियस सांगतो की त्यांच्या पहिल्या रांगेच्या पुढे पाच रांगांची टोकं यायची. पाइकना ३.० मध्येही मागच्या एलिमेंटचा फायदा आहे, तो काढलेला नाही. म्हणजे दोन प्रकारचे भालेवाले आता खरोखर दोन वेगळ्या पद्धतीने खेळावे लागतात.

पण आठची फळी लावली म्हणजे जिंकलो असं नाही झालं. पहिल्या लढाईत मी टोकांनी त्याला गुंडाळलं खरं, पण पुढच्या वेळी तो तयारीने आला. त्याच्या यादीत दोन ट्रायारी आहेत, रोमनांचे अनुभवी भालेवाले, आणि नवीन नियमात भालेवाल्यांना शेजारी दाट ब्लेड असेल तरी तो अधिक एक मिळतो. त्याने दोन्ही ट्रायारी आपल्या सहा ब्लेडच्या दोन टोकांना लावले. सहा अधिक दोन, आठ. झाली बरोबरी. इतिहासाचा विचार केला तर हे जरा विचित्रच आहे, ट्रायारी म्हणजे सगळ्यात मागची रांग, सगळं बिघडलं की शेवटी त्यांच्यावर यायचं, आणि इथे ते पहिल्या फळीची टोकं सांभाळतायत. मी तसं बोललो तर म्हणाला, "तुझे होप्लाइट काय माझ्या रोमनांशी भांडायला टाइम मशीनने आलेत का?" गप्प बसलो.

आता खरी गंमत या बरोबरीत आहे, आणि ती मला नियम वाचताना अजिबात दिसली नव्हती. ब्लेड ५, माझा भालेवाला ४ अधिक शेजाऱ्याचा १, म्हणजे ५. सरळ डाइसवर. पण ३.० मध्ये ब्लेडवाल्यांना पाठलाग करावा लागतो, समोरचा मागे सरकला की ते त्याच्या मागे पुढे जाणारच, इच्छा असो वा नसो. भालेवाले पाठलाग करत नाहीत, जिंकले तरी जागेवर.

समजा मधल्या एका ठिकाणी तो जिंकला. माझं एलिमेंट मागे सरकलं, त्याचं पुढे आलं, आणि आता ते माझ्या दोन भालेवाल्यांच्या मधोमध. दोन्ही कडांना माझी माणसं, दोन्हीकडून ओव्हरलॅप, म्हणजे ५ वजा २, तीन. माझं मागे गेलेलं एलिमेंट शेजारी सुटल्यामुळे ४ वर. म्हणजे जिंकलेला तो, आणि पुढच्या पाळीला तीनवर लढतोय चारशी! त्याला १ आणि मला ४ पडले तर ४ विरुद्ध ८, बरोबर निम्मं, मेला. हे एकदा असंच झालं आणि तो बराच वेळ त्या बेसकडे बघत बसला.

अर्थात त्याचं सगळंच नुकसान होतं असंही नाही. आत घुसलेलं ते एलिमेंट माझ्या दोन्ही शेजाऱ्यांनाही ओव्हरलॅप करतं. त्यांचा दुसऱ्या बाजूचा शेजारी अजून जागेवर असतो म्हणून अधिक एक टिकतो, पण ओव्हरलॅपचा वजा एक बसतो, म्हणजे ते ४ वर येतात आणि समोरचे ब्लेड तसेच ५. मग प्रश्न असा की त्याचा घुसलेला आधी मरतो की माझे शेजारी आधी ढासळतात. आणि हे सगळं करवतीच्या दातांसारखं होत जातं, एक आत एक बाहेर, एका पाळीत फळी फळी राहत नाही. २.२ मध्ये या दोन सेना भिडल्या की पुढेमागे ढकलाढकली करत राहायच्या, टोकाला काय होतं यावर सगळं ठरायचं. आता मधली लढाईसुद्धा बघण्यासारखी झाली आहे.

यात चालींचा हिशोब पण आला. आठची अखंड फळी एक गट म्हणून हलवायला एकच चाल लागते, डाइसवर १ पडला तरी अख्खी सेना पुढे जाते. एकदा का ती करवत झाली की प्रत्येक तुकड्याला वेगळी चाल. त्यामुळे मी आता मागे सरकलेलं एलिमेंट परत ओळीत आणायला चाली राखून ठेवतो, घोडेस्वारांची हौस नंतर. पूर्वी माझे घोडेस्वार सगळ्या चाली खायचे, ते आता बराच वेळ कोपऱ्यात उभे असतात, आणि खरं सांगायचं तर होप्लाइट सेनेत घोडेस्वारांनी तसंच असावं.

बाकी बदलांत अजून एक अंगावर आला तो बेसचा. २.२ मध्ये एका बेसवर तीन फिगर आहेत की चार याने खेळात काही फरक पडायचा नाही, दिसायला बरं दिसेल तसं लावा. ३.० मध्ये तोच आकडा महत्त्वाचा झाला, चार म्हणजे दाट, तीन म्हणजे चपळ. चपळ पायदळ मोकळ्या जमिनीवर तीन बेस चालतं, दाट दोनच, पण दाट आणि चपळ भिडले आणि बरोबरी झाली तर चपळाला मागे सरकावं लागतं. मी माझ्या भालाफेक्यांना हौसेने चार-चार लावलेलं, भरगच्च दिसतात म्हणून. आता ते भरगच्च मंदगती झाले. मला ते चपळ हवे होते, मग काढा बेसवरून.

हे काम कोणी केलंय त्यांना माहितीये. पांढऱ्या गोंदाने लावलेले असतील तर बेस पाण्यात भिजत ठेवायचे, बेसचं एमडीएफ, म्हणजे दाबलेल्या भुश्याचं लाकूड, फुगून जातं, गोंद मऊ होतो, मग पातळ सुरी खालून सरकवायची. सुपरग्लूचे असतील तर पाण्याने काही होत नाही, ते डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवले, थंडीने गोंद ठिसूळ होतो आणि हलका पीळ दिला की फिगर टक्कन सुटते. घोट्यापाशी मात्र जपून, मेटलचे पाय तिथेच वाकतात. वाळू आणि गवत नव्याने लावावं लागलं, आणि नवीन गवताची छटा जुन्याशी जुळेना म्हणून शेवटी जुन्या बेसांवरही थोडं नवीन गवत टाकलं. एक फायदा झाला, चारचे तीन बेस फोडले की तीनचे चार होतात, म्हणजे फुकटात जास्तीचा बेस मिळाला.

जमिनीचंही थोडं बदललंय, चांगली आणि वाईट यांच्यामध्ये आता खडबडीत असा तिसरा प्रकार आलाय. आमच्या दोघांच्याही सेनांना मोकळं मैदानच हवं असतं, त्यामुळे त्याच्याशी फार संबंध आला नाही.

एक गोष्ट मात्र खटकते आणि त्यावर आमचं अजून मिटलेलं नाही. मागच्या रांगेला काहीच किंमत नाही म्हणजे ल्युक्ट्राच्या लढाईचं काय करायचं? इसवी सनपूर्व ३७१ मध्ये थीबनांनी, म्हणजे थीब्ज शहराच्या ग्रीकांनी, आपली डावी बाजू ५० ढाली खोल केली, समोर स्पार्टन जास्तीत जास्त १२ खोल, आणि त्या एका जागी ती लढाई फुटली. हे होप्लाइटच होते ना? शेजाऱ्याच्या ढालीवर नियम चालतो तर मागच्या रेट्याला पण थोडं तरी द्या. पार्टनरचं म्हणणं, खोल मांडणीचा फायदा असा की पुढचं एलिमेंट मेलं की मागचं भोक बुजवतं, तेवढं पुरे. मला ते पुरत नाही, कारण तेवढ्यासाठी फळी अरुंद करणं परवडत नाही, आणि जे परवडत नाही ते कोणी करून बघणार नाही.

म्हणून फक्त आमच्या दोघांपुरता एक नियम लिहिलाय. थीबन खेळत असू तर डावीकडच्या दोन उभ्या रांगांना शेजाऱ्याचाही अधिक एक आणि मागच्याचाही अधिक एक, म्हणजे ६. बदल्यात चार एलिमेंट त्या दोन रांगांत अडकतात, उरतात चार, फळी होते सहाची, आणि आठच्या फळीसमोर उजवं टोक उघडं. ते टोक मागे तिरकं ठेवून वेळ काढायचा आणि तोपर्यंत डावीकडे फोडायचं, जसं थीबनांचा सेनापती एपॅमिनोन्डास याने केलं. "तू आता तुझ्या सोयीचे रूल्स लिहायला लागलास," असं ऐकून घ्यावं लागलं, पण खेळायला तयार आहे, एकाच अटीवर, स्पार्टन तो घेणार आणि त्यांच्या राजाला, म्हणजे जनरलला, नेहमीचा अधिक एक राहणार. तो हक्काचाच आहे, नाही म्हणता येत नाही. म्हणजे त्या एका जागी माझे सहा आणि त्याचेही सहा. आता तिरकं टोक किती मागे ठेवायचं, आणि माझा जनरल त्या खोल रांगेत घालायचा की नाही, यावर घोडं अडलंय.